नवगावचे उंचवटे आणि रेवदंड्याचा वर्ग

२७ जानेवारी १९४५ ला सोव्हिएत फौजा पोलंडमधल्या आउशवित्झच्या नाझी मृत्युछावणीत शिरल्या. २०२५ साली त्याला ८० वर्षं झाली. संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये हा दिवस होलोकॉस्टच्या, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या, बळींच्या स्मरणासाठी ठरवला. आपल्याकडे तो प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्या दिवशी येतो, झेंड्याचे खांब आणि खुर्च्या आवरायच्या गडबडीत, आणि बहुतेक शाळांमधून तसाच निघून जातो. मी कोल्हापूरकडे इतिहास शिकवते. रेवदंड्याजवळच्या एका शाळेत माझी डीएडच्या काळातली मैत्रीण शिकवते. डिसेंबरात तिचा फोन आला, "आमच्या पोरांच्या पंचक्रोशीत ज्यू दोन हजार वर्षं राहिले आणि पोरांना ज्यू म्हणजे काय ते ठाऊक नाही. सत्तावीसला तू ये, तास घे." कॉलेजात शिकणारा भाचा सोबत यायला तयार झाला आणि आम्ही निघालो.

शनिवार, २५ जानेवारी : पेण, पोयनाड, रेवदंडा

पुण्यावरून खोपोली आणि तिथून पेण. प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही. पेणला चहाला थांबलो. हे गाव आपल्याला गणपतीच्या मूर्तींमुळे माहीत, पण इथे १८६३ सालचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळही आहे, बेथ हाएलोहिम. पनवेल, पेण, अलिबाग, रेवदंडा, बोर्ली, म्हसळा, रोहा अशी कोकणातल्या ज्यूंची गावं. हे लोक स्वतःला बेने इस्राएल म्हणवतात आणि जुन्या रायगडकरांना ते ठाऊक आहेत 'शनवार तेली' म्हणून. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली.

पोयनाड मागे टाकल्यावर दोन्ही बाजूंना वालाची शेतं लागली. भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल टाकतात. आंब्यांना मोहोर भरगच्च आला होता आणि दुपार असूनही हवेत गारवा होता. गाडीच्या काचा उघड्या ठेवून भाचा म्हणाला, "मावशी, हॉस्टेलला आमच्या मजल्यावर हिटलरचं आत्मचरित्र निम्म्या मुलांकडे आहे. शिस्त आणि जिद्द कशी असावी ते त्यातून कळतं म्हणतात." तो चिडवत नव्हता, खरंच सांगत होता. रेल्वे स्टेशनावरच्या, फुटपाथवरच्या पुस्तकांच्या दुकानांत ते पुस्तक व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं मीही वर्षानुवर्षं बघते आहे. २००६ साली इथून फार लांब नाही अशा खारघरमध्ये हिटलरच्या नावाचं रेस्टॉरंट उघडलं होतं. ज्यू समाजाने विरोध केल्यावर नाव बदललं गेलं. ते नाव ठेवणाऱ्यांच्या मनात द्वेष असेल असं मला वाटत नाही. त्यांच्यापर्यंत मेलेल्या माणसांपैकी एकही पोहोचलेला नव्हता, आणि मला काळजी वाटते ती याचीच.

संध्याकाळी मैत्रिणीच्या सासरी पोचलो तर वाडीत पोपटीची तयारी चालली होती. ज्यांनी पोपटी खाल्ली नाही त्यांनी जानेवारीत रायगडात यावंच. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा आणि जाडं मीठ. तोंडही पाल्यानेच बंद करायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-गोवऱ्यांचा जाळ करायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही.

सगळं रचून झालं तरी मैत्रिणीचे सासरे काडी लावेनात. आभाळाकडे बघत बसले होते. मी विचारलं तर म्हणाले, "शनिवार आहे ना आज. तीन चांदण्या दिसू देत." त्यांच्या लहानपणी शेजारी बेने इस्राएल कुटुंब होतं. त्यांचा शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, त्या वेळात ते आग पेटवत नाहीत. पोपटी दोन्ही घरांची मिळून व्हायची, म्हणून शनिवारी आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत सगळे थांबायचे. ते कुटुंब साठच्या दशकात इस्राएलला गेलं. घर विकलं गेलं, पडलं, तिथे आता सुपारीची बाग आहे. पण या घरात शनिवारची पोपटी अजून चांदण्यांनंतरच पेटते. सासऱ्यांना त्यात काही विशेष केल्यासारखं वाटत नव्हतं. "त्यांच्यातला शलोम परत आला आणि म्हणाला, काका, माझ्याशिवाय पेटवलीत, तर काय सांगू?" असं म्हणून त्यांनी काडी ओढली.

शेंगा सोलून खाताना त्यांनी त्या घरातल्या बऱ्याच गोष्टी सांगितल्या. मटणाच्या रश्शात दूध-दही चालत नाही म्हणून सगळं नारळाच्या दुधात. माशांमध्ये खवले आणि पर असलेलेच मासे, त्यामुळे कोळंबी-चिंबोरी वर्ज्य, पण जिताडा मिळाला की सगळी आळी त्यांच्याकडे. नव्या वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा. द्राक्षांच्या वाइनऐवजी काळ्या मनुका भिजवून केलेलं शरबत.

पोपटी खायची असेल तर ओळखीच्या घरी किंवा आदल्या दिवशी सांगून ठेवलेल्या घरगुती खाणावळीत खा. आयत्या वेळी मिळते ती बऱ्याचदा कुकरमधली असते.

रविवार, २६ जानेवारी : नवगाव, अलिबागची इस्राएल आळी, खंडाळे

सकाळी शाळेत झेंडावंदन. धुकं इतकं होतं की दोरी ओढल्यावर झेंडा वर जाताना दिसेनासा झाला आणि फुलांच्या पाकळ्या धुक्यातून खाली आल्या. जिलेबी खाऊन उत्तरेकडे निघालो.

नवगाव अलिबागच्या उत्तरेला थळ आणि किहीमच्या मध्ये आहे. कथा अशी सांगतात की दोन हजार वर्षांपूर्वी पॅलेस्टाइनमधल्या छळातून निसटलेल्या ज्यूंचं जहाज या किनाऱ्याशी फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली आणि नवगावात पुरली गेली, पुरुषांची एकीकडे, बायकांची दुसरीकडे. नेमका काळ कोणता यावर अभ्यासकांत एकमत नाही, पण समाजाची आठवण पक्की आहे. वाचलेल्यांजवळ पोथ्या उरल्या नव्हत्या. 'शेमा इस्राएल' ही एक प्रार्थना, शब्बाथ, सुंता आणि खाण्यापिण्याचे नियम एवढंच त्यांना आठवत होतं आणि शतकानुशतकं ते त्यांनी धरून ठेवलं.

दफनभूमी समुद्रापासून जवळ आहे. एक मोठा स्मारकस्तंभ आहे, जुन्या कबरी आहेत आणि ते मातीचे उंचवटे. आम्ही गेलो तेव्हा एक आगरी मावशी पाला झाडत होत्या. "बाय, सावलीन ये," म्हणून त्यांनी आधी पाणी दिलं. मुंबई-ठाण्याहून आणि इस्राएलहून लोक येतात, माती कपाळाला लावतात, रडतात, असं त्यांनी सांगितलं. "आमचे सासूबाईंनी सांगलेलं, यांना कोनी नाय, तवा आपनच बगायचं."

मी त्या उंचवट्यांपाशी बराच वेळ थांबले. खाली कोण आहे ते कुणालाच ठाऊक नाही. एकाचंही नाव नाही. तरी बेने इस्राएल समाजाची सुरुवात इथून धरतात, बुडालेल्यांना पुरून त्यांची जागा लक्षात ठेवण्यापासून. जे वाचले ते पुढे गावोगाव पांगले आणि ज्या गावात राहिले त्या गावाचं आडनाव घेतलं : नवगावकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, पेझारकर. अशी शंभराहून जास्त आडनावं आहेत.

भाच्याला मी तिथेच ट्रेब्लिंकाबद्दल सांगितलं. पोलंडमधल्या या मृत्युछावणीत साधारण वर्षभरात आठ लाखांहून जास्त ज्यू मारले गेले आणि नाझींनी छावणी पाडून वर शेत केलं. तिथे आज सुमारे १७,००० दगड उभे आहेत. त्यातल्या काही दगडांवर गावांची नावं कोरली आहेत, ज्या गावांतले ज्यू तिथे आणून मारले त्यांची. कोकणात गावांची नावं माणसं आपल्याबरोबर घेऊन जिवंत राहिली, नातवंडांना देऊन गेली. तिथे गावांची नावं तेवढी दगडांवर राहिली. भाचा काही बोलला नाही. मोबाइलवर त्या दगडांचे फोटो शोधून बघत बसला.

नवगावला जाणाऱ्यांसाठी : रस्ता अरुंद आहे, गाडी वाडीच्या तोंडाशी लावून चालत जा. ही दफनभूमी आहे, डबे उघडून बसायची जागा नाही. ज्यू लोकांत कबरीवर फुलांऐवजी छोटा दगड ठेवण्याची रीत आहे, बाहेर पडताना हात धुण्याचीही. पाण्याची बाटली सोबत असू द्या.

दुपारी अलिबाग. इस्राएल आळीतलं मागेन आबोथ सिनेगॉग १८४८ साली स्थापन झालं आणि सध्याची इमारत १९१० ची. उंच छत, लाकडी बाकं, वर बायकांसाठी सज्जा, मध्ये प्रार्थना म्हणण्याचा चौथरा. मराठीतल्या पाट्या वाचताना मला खूप बरं वाटलं. देणगीदारांची नावं, मृतांच्या स्मरणार्थ लावलेले दिवे, सगळं आपल्याच लिपीत.

जवळच राहणाऱ्या एका आजींकडे मैत्रिणीने आधीच निरोप दिला होता. आजी ८४ वर्षांच्या. नऊवारी नेसायच्या, आता गाऊन. दोन्ही मुलगे इस्राएलमध्ये, अश्दोदला. "या, आत या. चप्पल राहू दे. पोपटी खाऊन आलात ना काल? वास येतोय केसांना." त्यांनी मलिदा केला होता, भिजवलेले पोहे, नारळ, गूळ, वेलची आणि वर फळं. नवस फेडताना, लग्नाआधी, संकटातून सुटल्यावर एलियाहू हानाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा होतो. पाहुण्यांसाठीही झाला, याचं मला अप्रूप वाटलं.

मी सोमवारच्या तासाबद्दल सांगितलं. आजी बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "आमच्यावर या किनाऱ्यावर कोणी हात उगारला नाही हो. शेजाऱ्यांनी तेल घेतलं, सणाला बोलावलं, मयताला खांदा दिला. लहानपणी मला वाटायचं, ते युरोपचे लोक वेगळे, आपले कोणी नाहीत. मग आईने डॉक्टरीणबाईंचं सांगितलं."

आजींचा जन्म १९४१ चा, मुंबईतला. बाळंतपण केलं ते जर्मनीहून जीव वाचवून आलेल्या एका ज्यू डॉक्टरणीने. त्या काळात असे बरेच निर्वासित मुंबईला आले होते, त्यांना मदत करणारी संस्था १९३४ पासून काम करत होती. युद्ध सुरू झाल्यावर इंग्रज सरकारने जर्मन म्हणून त्यांच्यातल्या अनेकांना काही काळ नजरकैदेतही ठेवलं, ज्या राजवटीपासून पळून आले तिचेच नागरिक समजून. या डॉक्टरीणबाई घरी आईवडिलांना पत्रं लिहायच्या. ती पत्रं परत यायला लागली. युद्ध संपल्यावर कळलं की माहेरचं कोणीही उरलेलं नाही. "मग ती माझ्या आईला म्हणाली, तुझ्या मुलीला माझ्या आईचं नाव देऊ का? आईने दिलं. ते नाव मी तेव्हापासून वागवते आहे." आजींनी ते नाव आम्हाला सांगितलं. इथे लिहू नका म्हणाल्या, म्हणून लिहीत नाही.

भाच्याने विचारलं, "आजी, इस्राएलला गेलेल्यांना तरी तिथे बरं वाटलं असेल ना, सगळे आपलेच?" आजी हसल्या. त्यांची थोरली बहीण गेली तेव्हा तिथल्या धर्मगुरूंनी बेने इस्राएल खरे ज्यू आहेत का, अशी शंका घेतली होती, लग्न लावायच्या आधी पिढ्यांची चौकशी व्हायची. त्याविरुद्ध लोकांनी आंदोलन केलं, धरणं धरलं आणि १९६४ मध्ये ते पूर्ण ज्यू असल्याचं मान्य झालं. "आणि आमच्यात तरी काय? आम्ही गोरे इस्राएल, ते काळे इस्राएल, त्यांच्याशी सोयरीक नको. माझ्या आजीपर्यंत हे चाललं. माणूस सगळीकडे सारखा, बाई. शिकवावं लागतं त्याला."

निघताना मी विचारलं, उद्या सिनेगॉगमध्ये काही आहे का? मृतांसाठी कादिश ही प्रार्थना म्हणायची तर दहा पुरुष लागतात. पन्नास सालच्या आसपास भारतात २० हजारांच्या वर बेने इस्राएल होते, आता चार-पाच हजार, तेही बहुतेक मुंबई-ठाण्यात. अलिबागसारख्या ठिकाणी दहा जमणं सणावारीच होतं. "दहा नाही जमले तर मी एकटी घरी दिवा लावते," आजी म्हणाल्या. "डॉक्टरीणबाईंच्या घरच्यांसाठी. माझ्यानंतर कोण लावणार, ते मला माहीत नाही."

सिनेगॉग बघायचं असेल तर आधी विश्वस्तांशी संपर्क करून वेळ ठरवा, ओळखपत्र जवळ ठेवा, पुरुषांनी डोक्यावर टोपी किंवा रुमाल घ्या. २००८ मध्ये मुंबईच्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला, ज्यू म्हणून माणसं निवडून मारली गेली, त्यानंतर सगळ्या सिनेगॉगना सुरक्षा आहे. चौकशी झाली तर राग मानू नका. शनिवारी प्रार्थना असते, त्या दिवशी कॅमेरा बाहेर काढू नका.

परत येताना खंडाळ्याला थांबलो. घाटातलं नव्हे, अलिबागजवळचं खंडाळे. तिथल्या खडकावर एलियाहू हानाबींच्या रथाची खूण आहे अशी श्रद्धा आहे. तू बिश्वात या झाडांच्या सणाला इथे मोठी गर्दी होते, मलिदा होतो. २०२५ मध्ये तो सण फेब्रुवारीत होता. शक्य असेल तर तेव्हाच या, गावातले सगळे धर्म तिथे दिसतात. आम्ही गेलो तेव्हा खडकावर एक शेळी उन्हाला बसली होती.

सोमवार, २७ जानेवारी : रेवदंडा

पहाटे किल्ल्यात फिरून आलो. रेवदंड्याचा किल्ला पोर्तुगिजांचा, मराठ्यांकडे १७४० मध्ये आला. नारळ-सुपारीच्या वाड्यांमध्येच तटबंदी, पडक्या चर्चच्या भिंती आणि सातखणी बुरूज उभे आहेत. कोकण किनारा सगळ्यांशी नेहमीच प्रेमाने वागला, असं मी म्हणणार नाही. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्म नीट न पाळणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, सुरू झालं आणि पोर्तुगिजांच्या हिंदुस्थानातल्या सगळ्या मुलखावर त्याची नजर होती. गार्सिया दा ओर्ता हा वैद्य, ज्याने इथल्या औषधी वनस्पतींवर १५६३ मध्ये ग्रंथ छापला, मूळचा ज्यू घराण्यातला होता. तो मेल्यावर १५६९ मध्ये त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गुप्तपणे ज्यू धर्म पाळते म्हणून गोव्यात जाळलं आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली. किनारा हाच, समुद्र हाच. राज्य कोणाचं आणि ते माणसांची प्रतवारी करतं की नाही, यावर सगळं अवलंबून होतं.

दहा वाजता वर्ग. सातवीची मुलं, कोळी, आगरी, माळी, मुसलमान, वाडीवरची कातकरी. मी महाडपासून सुरुवात केली, कारण महाड त्यांच्याच जिल्ह्यात आहे. २० मार्च १९२७, चवदार तळं. कोणी पाणी प्यायचं आणि कोणी नाही, हे कोणी ठरवलं? ते सगळ्यांना माहीत होतं. मग मी जर्मनीत गेले. १९३५ च्या कायद्यांनी ज्यूंचं नागरिकत्व काढलं. बागेतल्या बाकांवर बसायची बंदी. पोहण्याच्या तलावावर बंदी. १९३८ च्या नोव्हेंबरात मुलांना सरकारी शाळेतून काढून टाकलं. गॅसच्या छावण्या नंतर आल्या, सुरुवात बाकापासून झाली. अपंगांना मारलं, रोमा-सिंतींना मारलं, ज्यांचे पूर्वज आपल्याच देशातून तिकडे गेले होते. साठ लाख ज्यू.

साठ लाख म्हटल्यावर मुलांचे चेहरे कोरे राहिले, मोठ्यांचेही राहतात. म्हणून मी 'डाकघर' बाहेर काढलं. टागोरांच्या या नाटकातला अमल आजारी आहे, वैद्याने बाहेर जायला मनाई केली आहे. खिडकीशी बसून तो दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी, फुलं वेचणाऱ्या सुधाशी बोलतो आणि राजाच्या पत्राची वाट बघतो. मुलांनी दोन प्रवेश वाचले. दहीवाला झालेल्या मुलाने खरीखुरी आरोळी ठोकली, सगळा वर्ग हसला. अमल झालेल्या मुलीने खिडकी उघडी ठेवायचा हट्ट धरला.

मग सांगितलं की हेच नाटक १८ जुलै १९४२ ला पोलंडमध्ये, वॉर्साच्या घेटोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, ज्यू अनाथाश्रमातल्या मुलांनी केलं होतं. आश्रम चालवणाऱ्या डॉक्टर यानुश कोरचाकनी ते निवडलं. भिंतीआड कोंडलेली, उपाशी मुलं अमलसारखी खिडकीत बसून दहीवाल्याशी बोलली. तीन आठवड्यांच्या आत सुमारे २०० मुलांना रांगेत चालवत स्टेशनावर नेलं आणि ट्रेब्लिंकाला धाडलं. कोरचाकना सुटून जाता येत होतं, ते मुलांबरोबर गेले. ट्रेब्लिंकाच्या दगडांमध्ये माणसाचं नाव असलेला दगड एकच आहे. त्यावर लिहिलं आहे : यानुश कोरचाक आणि मुलं.

वर्गात कोणी हललं नाही. अमल झालेली मुलगी हातातलं पुस्तक मिटून उभीच होती.

एका मुलाने विचारलं, "बाई, त्यांच्या शेजाऱ्यांनी काय केलं?" मला हाच प्रश्न हवा होता. काहींनी लपवलं, जीव धोक्यात घातला. बरेच गप्प बसले. काहींनी घरं लुटली. रवांडाचंही सांगितलं : १९९४, सुमारे १०० दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं, बहुतेक तुत्सी समाजाची, आणि मारणाऱ्यांत शेजारी होते. आधी कित्येक महिने रेडिओवरून त्यांना झुरळं म्हटलं जात होतं. "आपल्याकडे कोणाला अशी नावं ठेवतात?" मी विचारलं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग मोबाइलवर आलेले मेसेज, घरात ऐकलेले शब्द एकेक करून बाहेर आले. कोळ्यांबद्दल, मुसलमानांबद्दल, परप्रांतीयांबद्दल, कातकऱ्यांबद्दल. मी फळ्यावर काहीच लिहिलं नाही, ते शब्द लिहिण्यासारखे नव्हते. पण मुलांनी ते मोठ्याने उच्चारले आणि ज्यांच्याबद्दल होते ती मुलं त्याच वर्गात बसलेली होती.

"बाकावर बसू नको असं इथे कोणाला कोणी म्हटलंय?" शेवटच्या बाकावरच्या, वाडीवरून येणाऱ्या मुलीने हात वर केला. बाकी काही बोलली नाही. मैत्रिणीने तिथल्या तिथे सगळा वर्ग उठवला आणि नवीन जागा वाटल्या. यापुढे दर आठवड्याला जागा बदलायच्या असं ठरलं.

तास संपता संपता एक मुलगा म्हणाला, "मग गाझामधल्या पोरांचं काय? तीपण मेली ना?" मी म्हटलं, हो, मेली, आणि तीही तुझ्याच वयाची होती. त्यांच्यासाठी जीव तुटतो आणि कोरचाकच्या मुलांसाठीही तुटतो, यात निवड करायला नको. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्राएलमध्ये मारलेली माणसंही त्यातच आली. एका सरकारने केलेल्या गोष्टीचा जाब अलिबागच्या आजींना विचारायचा नाही आणि दुसऱ्या कोणी केलेल्याचा जाब तुझ्या शेजाऱ्याला विचारायचा नाही. मुलाला हे पूर्ण पटलं असं दिसलं नाही. त्याने आणखी विचारत राहावं, असं मी त्याला सांगितलं.

संध्याकाळी सगळे अलिबागला आजींकडे गेलो. दिवा लावायला त्यांनी अमल झालेल्या मुलीला बोलावलं. नंतर सगळ्यांना मनुकांचं शरबत मिळालं.

मंगळवार, २८ जानेवारी : परत

सकाळी ओहोटी होती, पण अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर जायला वेळ नव्हता. तुम्ही जाणार असाल तर भरती-ओहोटीच्या वेळा विचारूनच जा, पाणी भराभर चढतं. परतीच्या वाटेवर भाच्याने सांगितलं की होस्टेलमधलं ते पुस्तक तो फेकणार नाही, शेजारी कोरचाकबद्दल जे मिळेल ते वाचायला ठेवणार आहे आणि मुलांशी बोलणार आहे. मला ते फेकण्यापेक्षा बरं वाटलं.

शिक्षक असाल आणि पुढच्या जानेवारीत असा तास घ्यायचा असेल तर माझ्याकडून एवढंच : छावण्यांमधले प्रेतांचे फोटो बाराच्या वयाला दाखवू नका. एका मुलाची, एका घराची गोष्ट सांगा. नाझी आणि कैदी असं नाटक मुलांकडून करून घेऊ नका, कोणालाही ती भूमिका देऊ नये. आपल्या गावापासून सुरू करा. आमच्या कोल्हापुराजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ मध्ये सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते, मी माझ्या वर्गात तिथून सुरू करते. प्रत्येक तालुक्यात असं काही सापडतं.

मैत्रिणीने मुलांना काम दिलं आहे : घरातल्या म्हाताऱ्यांना विचारायचं, आपल्या शेजारी पूर्वी कोण राहायचं आणि ते कुठे गेलं. कालच तिचा फोन होता. वहीत शनवार तेल्यांची चार घरं सापडली आहेत, शिवाय कराचीहून आलेलं एक सिंधी कुटुंब आणि धरणात गाव गेलेले तिघे. एका घराचा घाणा अजून एका वाडीत पडून आहे. येत्या रविवारी मुलं तो बघायला चौलला जाणार आहेत, सोबत सासरेही.